डेटाबेसवाल्याला विचारा : क्लाउडफ्लेअरची क्वेरी, अडकलेलं यूपीआय आणि पैसे देऊनही आपला नसलेला गेम

या वेळी पत्रांचा ढीग जरा जास्तच आला, त्यातली निम्मी 'पंचवीस हजारात कुठला फोन घेऊ' वाली होती ती बाजूला ठेवलीत, कारण फोनबद्दल माझं ज्ञान तुमच्याइतकंच. मी पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो, मुंबईतच, एका फायनान्स कंपनीत, नाव विचारू नका. त्यामुळे कुठलीही टेक बातमी वाचली की माझ्या डोक्यात आधी हेच येतं की हे सगळं लिहिलं कुठे जातंय, आणि उद्या बोंबललं तर परत कोण आणणार. उत्तरं त्याच अंगाने जाणार, आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : १८ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी चॅटजीपीटी, एक्स सगळं एकदम बंद पडलं, आमच्या सबमिशनची वाट लागली. ग्रुपवर सगळे सायबर हल्ला म्हणत होते. नंतर कुठेतरी 'डेटाबेस परमिशन बदलली' असं वाचलं. परमिशन बदलून अर्धं इंटरनेट कसं काय बंद पडतं? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, डोंबिवली

हल्ला नव्हता रे. पण ग्रुपवाल्यांना हसू नकोस, क्लाउडफ्लेअरच्या स्वतःच्या लोकांनाही सुरुवातीला मोठा हल्लाच आलाय असं वाटलं होतं, आणि त्यात कहर म्हणजे त्यांचं स्टेटस पेज, जे त्यांच्या यंत्रणेवर चालतच नाही, तेही नेमकं त्याच वेळी योगायोगाने झोपलं. मग संशय येणारच ना.

झालं असं. क्लाउडफ्लेअर बऱ्याच वेबसाइटच्या पुढे सोसायटीच्या वॉचमनसारखी उभी असते, येणारा माणूस आहे की बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, ते बघते आणि मग आत सोडते. बॉट ओळखायला काय काय खुणा बघायच्या याची एक यादी असते, ती फाइल दर पाच मिनिटांनी नवीन बनते आणि जगभरच्या सर्व्हरवर जाते. बनते कशातून, तर क्लिकहाउस नावाच्या डेटाबेसवरच्या एका क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून. क्वेरी अगदी साधी, अमुक टेबलचे कॉलम कुठले ते नावाप्रमाणे लावून दे. टेबलचं नाव दिलेलं, डेटाबेसचं नाव दिलेलंच नाही. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण अशा क्वेऱ्या प्रत्येक कंपनीत पडलेल्या असतात. तोपर्यंत त्या अकाउंटला एकच डेटाबेस दिसायचा म्हणून कधी अडलं नाही, त्या दिवशी परमिशन जरा नीट करायला गेले (हेतू चांगलाच होता) आणि खालचा दुसरा डेटाबेसही दिसायला लागला, त्यातही त्याच नावाचं टेबल, झालं, तेच कॉलम परत परत यायला लागले. फाइल दुपटीहून मोठी झाली. ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमने मर्यादा ठेवलेली २०० खुणांची, एरवी लागायच्या ६० च्या आसपास, म्हणजे जागाच जागा आहे असं धरून चाललेलं, आणि मर्यादा ओलांडली तर काय करायचं याचं उत्तर एकच होतं, कोसळायचं. कोसळला.

डोक्याला सगळ्यात जास्त शॉट लागला तो पुढच्या भागामुळे. परमिशनचा बदल डेटाबेसच्या सगळ्या मशीनवर एकदम न जाता हळूहळू जात होता, त्यामुळे पाच मिनिटांपूर्वी बिघडलेली फाइल आता चांगली, मग परत बिघडलेली, साइट चालू, बंद, चालू, बंद. हे असं हल्ल्यातच होतं, साध्या बगमध्ये सहसा होत नाही, म्हणून लोक भलतीकडेच शोधत बसले. आपल्याकडे पाच वाजत आले होते तेव्हा सुरू झालं आणि बहुतेक गोष्टी रात्री आठच्या सुमारास रुळावर आल्या.

मला या सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कंपनीने लगेच ती क्वेरी जशीच्या तशी छापून सगळं सांगितलं. आपल्याकडे 'तांत्रिक कारणास्तव सेवा खंडित' एवढ्या तीन-चार शब्दांत भागवतात आणि पुढच्या महिन्यात तोच लोच्या परत. त्याच्या आधीच्याच महिन्यात, नरक चतुर्दशीच्या दुपारी, ॲमेझॉनचं क्लाउड झोपलं होतं, २० ऑक्टोबरला, तिथेही हल्लाबिल्ला काही नाही, डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेस सेवेच्या पत्त्यांची नोंद सांभाळणारे त्यांचेच दोन ऑटोमॅटिक प्रोग्रॅम एकमेकांच्या पायात आले आणि नोंद रिकामी झाली. स्नॅपचॅट, फोर्टनाइट, रोब्लॉक्स सगळे आडवे.

तुझ्या प्रोजेक्टसाठी यातून घ्यायचं ते एवढंच की टेबलच्या आधी स्कीमाचं, म्हणजे ते टेबल ज्या डेटाबेसमध्ये आहे त्याचं, नाव लिही, आणि आपल्याच दुसऱ्या प्रोग्रॅमने बनवलेली फाइल असली तरी परक्याने दिल्यासारखी तपासून घे.

प्रश्न : दादर मार्केटला भाजी घेतली, माझ्या खात्यातून पैसे गेले, भाजीवाल्याच्या स्पीकरने आवाजच दिला नाही. तो म्हणाला आलेच नाहीत, मी परत दिले. आता पहिले पैसे कुठे आहेत? हवेत? – गृहिणी, माहीम

काकू, हवेत नाहीत, दोन बँकांच्या मध्ये आहेत, आणि तुम्ही विचारलंत तो आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न आहे.

तुमचं खातं तुमच्या बँकेच्या डेटाबेसमध्ये, भाजीवाल्याचं त्याच्या बँकेच्या, आणि मध्ये निरोप पोचवायला एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था, आपलं बीकेसीतलं ऑफिस. एकाच डेटाबेसमध्ये दोन्ही खाती असती तर काम सोपं होतं, इकडून वजा आणि तिकडे जमा, दोन्ही झालं तर झालं नाहीतर दोन्ही रद्द. पण इथे वजा एका घरात, जमा दुसऱ्या घरात. तुमच्या बँकेने वजा केलं, निरोप पुढे गेला, आणि भाजीवाल्याच्या बँकेकडून 'जमा झालं' असं उत्तर वेळेत आलंच नाही. आता जमा झालंय पण उत्तर हरवलं, की मुळात जमाच झालं नाही? तुमच्या बँकेला या क्षणी खरंच माहीत नसतं. म्हणून ते 'पेंडिंग' दिसतं. मला विचाराल तर घाईघाईत चुकीचं 'सक्सेस' दाखवण्यापेक्षा पेंडिंग दाखवणं कधीही बरं.

लोक या वेळी काय करतात, तर दहा वेळा ॲप उघडून बघतात. बँकाही तेच करतात बरं का. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय मोठ्या प्रमाणात अडकलं होतं त्याचं कारण हेच निघालं, काही बँका जुन्या व्यवहारांचं काय झालं म्हणून परत परत विचारत सुटल्या आणि त्या विचारण्याच्याच लोडखाली यंत्रणा गुदमरली. त्यानंतर १ ऑगस्ट २०२५ पासून नियम आले, एका ॲपमधून दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येतो, आणि अडकलेल्या व्यवहाराचं स्टेटस तीनच वेळा विचारायचं तेही मध्ये किमान ९० सेकंद सोडून. लोकांनी लगेच बोंबाबोंब केली की सामान्य माणसावर बंधनं. अहो दिवसाला पन्नासदा बॅलन्स कोण बघतं? ज्या महिन्यात हे नियम आले त्या ऑगस्टमध्ये यूपीआयवर २००० कोटींच्या वर व्यवहार झाले, सरासरी काढली तर सेकंदाला सात हजारांच्या वर, आणि प्रत्येकात चार ठिकाणी लिहावं लागतं. एवढ्या गर्दीत फुकटच्या चौकशा बंद केल्या ते बरोबरच केलं, आधीच करायला हवं होतं खरं तर.

तुमच्या पैशांचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. माणसाने माणसाला पाठवलेले आणि समोर जमा न झालेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला पाहिजेत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत, आणि त्याच्या पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तुम्ही मागितली नाही तरी. ॲपच्या हिस्टरीत त्या व्यवहाराचा १२ अंकी रेफरन्स नंबर असतो तो लिहून ठेवा, बँकेत तोच लागतो, ग्राहक सेवेवाल्याशी वाद घालताना बाकी काही कामाला येत नाही. आणि पुढच्या वेळी दोनदा पैसे द्यायच्या आधी भाजीवाल्याला त्याचा स्पीकर नाही, त्याचं बँकेचं स्टेटमेंट बघायला सांगा, पुष्कळदा पैसे आलेले असतात आणि स्पीकरचंच नेटवर्क गेलेलं असतं.

प्रश्न : सर, गेममध्ये गोल्ड किंवा आयटम 'ड्युप' करतात म्हणजे नेमकं काय करतात? मला करायचं नाहीये, फक्त माहिती हवी. – बारावीचा विद्यार्थी, भांडुप

बरं, करायचं नाहीये, मान्य.

काकूंच्या भाजीवाल्याचाच हा उलटा प्रकार. तिकडे पैसे मध्ये अडकतात, इकडे एकाचे दोन होतात. समज तू मित्राला तलवार दिलीस. डेटाबेसमध्ये दोन गोष्टी लिहायच्या, तुझ्याकडून काढली, त्याला दिली. बँक हे लगेच लिहिते. गेमला ते परवडत नाही, हजारो खेळाडू सेकंदाला इकडे तिकडे पळतायत, प्रत्येक हालचाल लगेच डिस्कवर लिहायला गेलं तर गेम रांगायला लागेल, म्हणून बरंच काही आधी मेमरीत ठेवतात आणि थोड्या थोड्या वेळाने सेव्ह करतात. आता तलवार दिल्यावर मित्राचं सेव्ह झालं आणि तुझं व्हायच्या आत तुझा सर्व्हर कोणी मुद्दाम पाडला तर? तू परत आलास की तुझं जुनं सेव्ह उघडतं, त्यात तलवार आहेच. दोन तलवारी. सगळी कला त्या मधल्या क्षणात सर्व्हर पाडण्यात किंवा लॅग करण्यात असते.

हे थिअरीपुरतं नाहीये. ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्ड गेममध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये गोल्ड ड्युप व्हायला लागलं तेव्हा त्यांनी खेळाडूंमधली सगळी देवाणघेवाणच बंद केली, ट्रेड नाही, बाजार नाही, काही नाही. आणि मग ते बंद असतानाच लोकांनी गावाच्या अपग्रेडमधून दुसरा ड्युप शोधून काढला. हसावं की रडावं.

याच्या उलट आइसलँडवाल्यांचा ईव्ह ऑनलाइन बघ, स्पेसशिपचा गेम आहे, सगळे खेळाडू एकाच जगात, मागे मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस. जानेवारी २०१४ मध्ये त्यात बी-आर-५-आर-बी नावाच्या ठिकाणी लढाई झाली, साडेसात हजारांच्या वर खेळाडू, साधारण २१ तास. त्यांनी काय केलं, लोड वाढला की गेममधला वेळच हळू करायचा, दहा टक्के स्पीडपर्यंत, पण नोंद चुकवायची नाही. मला हे फार पटतं. तुम्ही गेमर लोक लॅगला शिव्या देता, पण हळू चाललेला सर्व्हर आणि खोटं बोलणारा सर्व्हर यातला पहिला मला कधीही चालेल.

अभ्यास कर.

प्रश्न : जीटीए ६ साठी आत्ताच पीसी बनवून ठेवू का? लॅमिंग्टन रोडवाला म्हणतो रॅम अजून महागणार, आजच घ्या. – नोकरदार, ऐरोली

जीटीए ६ ची जाहीर झालेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी आहे, त्या घोषणेत पीसी नाहीच. जो गेम पीसीवर कधी येणार ते जाहीरच नाही त्याच्यासाठी रॅम घेऊन ठेवायची?

पण दुकानदार थापा मारत नाहीये, तेही सांगतो. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि तिघींनाही एआयच्या सर्व्हरला लागणारी महाग मेमरी बनवण्यात जास्त पैसा दिसतोय, कारखाने तेच, मग घरगुती रॅमला माल कमी. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा घरगुती ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या ब्रँडच्या रॅम आपण सगळ्यांनी कधी ना कधी डोळे झाकून घेतल्यात तो. मला या बातमीचं वाईट वाटलं, कुठल्याही गेमच्या तारखेपेक्षा जास्त. मशीन आज कामाला लागतच असेल तर घ्या आणि दोन रिकामे स्लॉट राहतील असा बोर्ड घ्या. नाहीतर थांबा.

प्रश्न : मी एक रेसिंग गेम पैसे मोजून घेतला होता, कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर आता उघडतच नाही. ही फसवणूक नाही का? सर्व्हर चालू ठेवायला असा किती खर्च येतो? – विरार

तुम्ही नाव लिहिलं नाहीत पण या प्रकारातली गाजलेली केस यूबीसॉफ्टच्या द क्रूची. २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि एकट्याने गाडी चालवायची म्हटली तरी सर्व्हर लागायचा म्हणून सगळाच गेम मेला, वर लोकांच्या खात्यातून लायसन्सही काढून घेतलं. त्यावरून रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली, युरोपात त्यांच्या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की असा डिजिटल माल 'विकत घ्या' म्हणून विकायचा असेल तर हे फक्त लायसन्स आहे असं स्पष्ट सांगा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने त्याच्या आधीच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. म्हणजे फसवणूक थांबली नाही, सांगून करायला लागले, असं माझं मत.

खर्चाचं म्हणाल तर मी त्या बाजूने काम करतो म्हणून थोडी त्यांची बाजूही घेतो. लोकांना वाटतं सर्व्हर म्हणजे कोपऱ्यात एक डबा चालू ठेवायचा, लाइट बिल किती येणार. डबा स्वस्तच असतो. महाग असतं ते बाकीचं. डेटाबेसला दर काही महिन्यांनी सिक्युरिटी पॅच लागतात, मग जुनं व्हर्जन सपोर्टमधून जातं, नवीनवर न्यायचं तर दहा वर्षांपूर्वीचा कोड त्याच्याशी बोलत नाही, तो लिहिणारी माणसं कधीच सोडून गेलेली, आणि तरी रात्री तीनला काही झालं तर उठायला एक माणूस लागतोच, खेळणारे चाळीस असोत की चार लाख. त्यामुळे कायम चालू ठेवा ही मागणी मला पटत नाही.

पण मोहीमवाले तरी कुठे कायम चालू ठेवा म्हणतायत! ते म्हणतात जाताना गेम चालू शकेल अशा अवस्थेत सोडून जा. आणि ते जमतं. द क्रूवरून एवढी बदनामी झाल्यावर त्याच कंपनीने द क्रू २ ला २०२५ मध्ये ऑफलाइन खेळायची सोय दिली की. तुमची गाडी, तुमचे पैसे, तुमची प्रगती, एका खेळाडूचा डेटा असतो तरी किती, काही एमबी, तो सर्व्हरवरून काढून तुमच्या मशीनवर एका एसक्यूलाइट फाइलमध्ये (छोटासा डेटाबेसच तो) ठेवायचा. अवघड असतं ते नंतर करायला. पहिल्या दिवशी डिझाइन करतानाच 'सर्व्हर नसेल तर' हा रस्ता ठेवला असता तर शेवटी फक्त एक अपडेट लागलं असतं. तो रस्ता ठेवत नाहीत कारण पायरसीची भीती, आणि खरं सांगायचं तर पुढचा भाग विकायचा असतो.

तोपर्यंत गेम घेताना स्टोअरच्या पानावर 'कायम इंटरनेट आवश्यक' असं बारीक अक्षरात असतं ते वाचत चला, आणि एकट्याने खेळायच्या गेमवर ते असेल तर सेलमध्ये घ्या, पूर्ण किमतीला नको.

प्रश्न : मुलगी बीएससी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला डेटाबेसमध्ये करिअर करायचंय. सगळे म्हणतात एआय आल्यावर डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, लागणारच नाहीत. खरं काय? – आई, ठाणे

ताई, २०१७ मध्ये ऑरॅकलने स्वतःला स्वतःच सांभाळणारा 'ऑटोनॉमस डेटाबेस' जाहीर केला तेव्हाही आमचे घरचे लोक असंच विचारत होते. काही कामं गेली हे खरं, डिस्क किती भरली बघ, रात्रीचा बॅकअप चालू कर, पॅच टाक, ही कामं आता बऱ्यापैकी आपोआप होतात आणि गेली ते बरंच झालं, त्यात काय मजा नव्हती.

एआयचं म्हणाल तर जुलै २०२५ मधली रेप्लिट या ऑनलाइन कोडिंगच्या कंपनीची गोष्ट मुलीला वाचायला सांगा. जेसन लेमकिन नावाचा एक नावाजलेला गुंतवणूकदार त्यांच्या एआय एजंटकडून ॲप बनवून घेत होता. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, आता फ्रीज आहे, कशालाही हात लावायचा नाही. एजंटने चालू डेटाबेस उडवला, बाराशेच्या वर लोकांच्या नोंदी होत्या त्यात. वर सांगितलं की हे परत आणता येणार नाही. प्रत्यक्षात रोलबॅक केल्यावर, म्हणजे आधीच्या स्थितीला मागे नेल्यावर, आलं! कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली आणि डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन डेटाबेस वेगळे करायचं काम हाती घेतलं.

सगळ्यांनी एआयला शिव्या घातल्या. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, प्रॉडवर, म्हणजे चालू प्रॉडक्शन डेटाबेसवर, लिहायचा ॲक्सेस मुळात दिला कोणी? आमच्याकडे नवीन जॉइन झालेल्या पोराला पहिले काही महिने प्रॉडवर फक्त वाचता येतं, लिहायचं असेल तर चेंज टिकेट, त्यावर दोघांच्या सह्या. माणसाला जो नियम तोच मशीनला लावला असता तर बातमीच झाली नसती. हा नियम लावणारा, तो मोडायला आलेल्या मॅनेजरला नाही म्हणणारा माणूस लागतोच, आणि त्यालाच डीबीए म्हणतात.

मी स्वतः एआय वापरतो, क्वेरी झटपट लिहून देतं, व्याकरण पक्कं असतं. पण बघा हं, ग्राहकांची थकबाकी काढायची होती, त्याने ग्राहकांचं टेबल पत्त्यांच्या टेबलला जोडलं, क्वेरी सुरळीत चालली, एरर नाही काही नाही, फक्त ज्यांचे घरचा आणि ऑफिसचा असे दोन पत्ते होते त्यांची थकबाकी दोनदा मोजली गेली. आकडा दिसायला अगदी खरा. हे पकडायला क्वेरी येऊन उपयोग नाही, आपल्या ग्राहकांना दोन पत्ते असतात हे माहीत असावं लागतं.

मुलीला महागडे कोर्स लावू नका. पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे, लॅपटॉपवर टाकायला सांगा, दहा लाख ओळींचं टेबल बनवायचं, इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय) नसताना एका ओळीला शोधायचं आणि एक्सप्लेन ही कमांड लावून बघायचं की तो सगळं टेबल कसा चाळत बसतो, मग इंडेक्स टाकून परत. नंतर बॅकअप घ्यायचा, टेबल उडवायचं आणि परत आणून दाखवायचं. इंटरव्ह्यूत मी हेच विचारतो, आणि चांगली चांगली सर्टिफिकेटं घेऊन आलेली मुलं रिस्टोअर म्हटलं की इकडे तिकडे बघायला लागतात.

प्रश्न : माझा लॅपटॉप विंडोज १० वर आहे, ११ घेतच नाही. दुकानदार म्हणतो भंगारात द्या. – निवृत्त शिक्षक, गिरगाव

सर, देऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण घरगुती वापरासाठी सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही लागत नाहीत. नंतर त्याच लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाका, तुमचं पत्रव्यवहार आणि यूट्यूबचं काम आरामात होईल. 'साहेब ११ जबरदस्तीने टाकून देतो' म्हणणारा भेटेल, त्याला नको म्हणा, आणि नेट बँकिंग सध्या फोनवरूनच करा.

प्रश्न : लोकलमध्ये फोन मारला. नवीन फोनवर व्हॉट्सॲप टाकलं तर गेल्या वर्षभराचे मेसेज आलेच नाहीत, वडिलांचे व्हॉइस मेसेज होते त्यात. सगळं गुगलवर आपोआप जातं ना? – बोरिवली

वाईट वाटलं वाचून. पहिल्यांदा हे केलं नसेल तर आधी करा, सिम ब्लॉक, बँकेला फोन, रेल्वे पोलिसांत तक्रार आणि तिचा नंबर टाकून संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोनचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक.

आता मेसेजचं. व्हॉट्सॲपचे मेसेज त्यांच्या सर्व्हरवर साठवून ठेवलेले नसतात, ते तुमच्याच फोनमध्ये एका डेटाबेस फाइलमध्ये असतात. अँड्रॉइडवर त्याची कॉपी तुमच्या गुगल खात्यात जाते, पण गुगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात जीमेल, फोटो आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही धरतात. जागा भरली की बॅकअप गुपचूप थांबतो, एक बारीकशी सूचना येते आणि आपण ती ढकलून देतो. तुमचंही बहुतेक तेच झालं असणार, वर्षभरापूर्वीची तारीख आणि जागा भरल्याची तारीख जुळते का बघा.

मोठमोठ्या कंपन्यांतही हेच होतं हो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या लोकांचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं, साधारण ३०० जीबीचा डेटाबेस, थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरलेला. म्हटले बॅकअप आणू. तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस फेलच होत होता कारण टूलचं व्हर्जन जुनं आणि डेटाबेसचं नवीन, आणि फेल झाल्याच्या मेल जात होत्या पण त्या मेल सर्व्हरवरच नाकारल्या जात होत्या, म्हणजे कोणाला पत्ताच नाही. वाचले कशामुळे, तर एका इंजिनिअरने साधारण सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक कॉपी काढून ठेवली होती. तरी मधले सहा तास गेलेच. त्यांनी परत आणायचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, त्या धैर्याला माझा सलाम, आमचे साहेब तर मरून जातील.

वडिलांच्या आवाजासाठी अजून एक रस्ता आहे. ज्या फॅमिली ग्रुपवर ते बोलायचे त्यातल्या बाकीच्या मंडळींच्या फोनमध्ये ते मेसेज असू शकतात, त्यांना आज फोन करा, फोन बदलायच्या आधी, आणि ऑडिओ फाइल म्हणूनच मागवून घ्या, नुसतं फॉरवर्ड करून परत व्हॉट्सॲपमध्येच ठेवू नका. एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर भावाबहिणीच्या घरी.

नवीन फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन शेवटच्या बॅकअपची तारीख बघायची सवय लावा, पगाराच्या दिवशी बघा म्हणजे लक्षात राहील. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केलात तर पासवर्ड किंवा ६४ अक्षरी की सांभाळावी लागते, ती गेली तर व्हॉट्सॲपवालेही उघडून देऊ शकत नाहीत, त्यामुळे ती कागदावर लिहा आणि कागद कुठे आहे ते घरात अजून एकाला माहीत असू द्या, त्याच फोनच्या नोट्समध्ये ठेवू नका.